‘जाळीचं दार’ आणि लिक फोर्कची वही

लुडीन प्रूएटचा राग सदतीस वर्षांचा होता, पण शिळा झाला नव्हता. शर्टांच्या कारखान्यात तीस वर्षं कॉलर शिवताना तिनं तो कुणाला दाखवला नाही. शेजारच्या मशीनवरच्या बायकांना वाटायचं, ही बाई अबोल आहे. अबोल नव्हती. बोलायचं होतं ते एकच, आणि ज्यांना ऐकवायचं ते लिक फोर्क गावच्या चर्चमध्ये दर रविवारी पुढच्या बाकांवर बसत होते.

गाणं तिनं एकच रेकॉर्ड केलं. ‘जाळीचं दार’. सत्तावन सालची गोष्ट, ती वीस वर्षांची होती. नदीपलीकडच्या रेडिओ केंद्रात दुपारच्या बातम्या संपल्या आणि कापसाचे भाव सुरू व्हायचे होते, तेवढ्या वेळात काम उरकलं. भाऊ हॉइट गिटारवर, आणि लुडीन तिच्याहून उंच असलेल्या उभ्या बास फिडलवर, म्हणजे खर्जातल्या थोरल्या व्हायोलिनवर. गाणारीही तीच. ड्रम नव्हता आणि लागलाही नाही. लुडीन तार ओढून सोडायची आणि लगेच पंजा लाकडावर आपटायची, टपाक टपाक. उन्हाळ्यात पोरं आत-बाहेर करतात तेव्हा मागचं जाळीचं दार आपटतं, तस्सं. गाण्यातली मुलगी त्या दारातून पळून जाते. गोष्ट एवढीच. तीनशे तबकड्या निघाल्या, हॉइटनं गाडीच्या डिकीत घालून गावोगाव विकल्या, आणि गाणं विसरलं गेलं.

ते विसरलं गेलं इथं, अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये. समुद्रापार कुणाच्या तरी हाती एक तबकडी लागली आणि पंचवीस-सव्वीस वर्षांनी लुडीनच्या दारात माणसं यायला लागली. इंग्लंडची, स्वीडनची, फिनलंडची. डोक्याला तेल चोपडून पुढं कोंबड्यासारखा तुरा काढलेली, ऑगस्टच्या उन्हात कातडी जाकिटं घालून घामानं निथळणारी. बोटांना चिकटपट्टीचे किती वेढे घालायचात, हे ते पाहुणे विचारायचे. दुसऱ्या कडव्यात हॉइटच्या खिशातून चमचा खाली पडतो, तो आवाज तबकडीत आलाय. त्या ठिकाणी ही मोठमोठी माणसं श्वास रोखून बसायची. एकानं तर दंडावर तो चमचाच गोंदवून घेतला होता. लुडीन त्यांना चहा द्यायची, सही द्यायची. बास फिडलला मात्र हात लावायची नाही. ते सैल तारांनिशी कोपऱ्यात उभं होतं.

त्यातला यर्की नावाचा फिनलंडचा बस-मेकॅनिक दर वर्षी यायचा. स्वयंपाकघरात बसून मक्याची भाकरी ताकात चुरून खायचा, अगदी इथलाच असल्यासारखा. त्या वर्षी खाता खाता त्यानं विचारलं, की लुडीनबाई, तुम्ही दुसरं गाणं का नाही केलंत? अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. चमच्याबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं.

“चर्चला विचार,” ती म्हणाली.

यर्की सरळ माणूस. उठला, भांडं धुतलं आणि चर्चला विचारायला गेला.

चर्चवाल्यांची त्यानं पंचाईतच झाली. कारण त्या रविवारी लिक फोर्कचा वार्षिक मेळा होता. गाव सोडून गेलेले सगळे त्या दिवशी परत येतात, ओकच्या झाडांखाली लांबच लांब टेबलं मांडून पंगत बसते. यंदा परदेशी पाहुण्यांची अख्खी बस बोलावली होती, आणि लुडीन प्रूएट जिथं बास वाजवायला शिकली तिथंच, चर्चच्या अंगणात, सदतीस वर्षांनी पहिल्यांदा वाजवणार, असं त्यांना कळवूनही टाकलं होतं. लुडीनला तेवढं कळवायचं राहिलं होतं.

गुरुवारी दोघं तिच्या ओसरीवर आले. पाळक डेनी, चार वर्षांपूर्वी बाहेरगावाहून आलेला, हसऱ्या तोंडाचा. आणि ऑर्व्हल स्टॉलकप, चर्चचा कारभारी, एक्केचाळीस वर्षं चर्चची वही, म्हणजे सभासदांची आणि बैठकांची नोंद, लिहिणारा. लुडीन चवळीच्या जांभळ्या शेंगा सोलत बसली होती.

“लुडीनताई, तुमच्याकडं एक मागणं घेऊन आलोय,” डेनी म्हणाला. मंडळीतली माणसं एकमेकांना भाऊ, ताई म्हणतात.

“ताई कधीपासून झाले? वही बघा तुमची. मी तिथं कुणाची ताई नाही.”

डेनी हसला. त्याला ती थट्टा वाटली. ऑर्व्हल हसला नाही, कारण ते पान त्याच्याच अक्षरातलं होतं.

सत्तावनच्या ऑक्टोबरात शनिवारच्या बैठकीत मंडळीनं लुडीनला वाळीत टाकलं. जिचं प्रकरण असेल तिनं आत थांबायचं नाही, म्हणून ती पायरीवर बसली होती. ऑर्व्हल बाहेर आला आणि वही उघडून त्यानं उभ्यानंच वाचलं: देव सोडून जगाच्या संगीतात पडल्याबद्दल लुडीन प्रूएट हिला मंडळीतून एकमतानं काढण्यात येत आहे. सगळे हात वर. तेही वाचलं. आत तिची आई, आर्टी, तिसऱ्या बाकावर होती. आई बाहेर आली, दोघी घरी गेल्या, आईनं भेंडी तळली. त्यावर एक अक्षर निघालं नाही. त्या दिवशी नाही, पुढची बावीस वर्षंही नाही. हॉइट फौजेत गेला आणि जर्मनीतच राहिला. म्हातारीला दुसरं कुणी नव्हतं. लुडीन दर रविवारी तिला गाडीनं चर्चला न्यायची आणि काच खाली करून गाडीतच बसायची. आत लोक गायचे आणि हिची बोटं सीटवर ताल धरायची. आपल्याविरुद्ध जिनं हात उचलला तिलाच आपण वाढतोय, हे तिला रोज जेवताना आठवायचं.

ऑर्व्हलनं आता समजुतीचा सूर लावला. रीत सोपी आहे, म्हणाला. ये, मंडळीपुढं उभी राहा, चुकलं म्हण, नाव परत लागतं. दारू पिऊन मोटार ओढ्यात घातलेल्यांनीसुद्धा तसं म्हटलंय.

“ते प्यायले होते. मी वाजवलं होतं,” लुडीन म्हणाली. “तुमच्या भजनांना वाजवायचे तीच बोटं, तेच फिडल.” तिनं शेंगांची टोपली खाली ठेवली. “आणि दुसरीही रीत आहे, ती मला ठाऊक आहे. ज्यानं तेव्हा हात वर केला त्यानंच उठून सांगायचं, की हात चुकला होता. बाकीचे सगळे टेकडीवर निजलेत. तूच उरलायस, ऑर्व्हल.”

“अगं, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे.”

“मग घाई कर.”

शनिवारपर्यंत हे झालं नाही तर आपण वाजवणार नाही, आणि का वाजवत नाही ते बसभर माणसांना सांगू, असं तिनं स्वच्छ सांगितलं. डेनीचं हसू तेव्हा कुठं मावळलं.

शनिवारी दुपारी दोनला बैठक होती. लुडीननं गाडी ओकखाली लावली आणि काच खाली केली. चर्चच्या खिडक्या उघड्या होत्या. आधी डेनीनं काहीतरी गुळमुळीत सांगितलं, मग ऑर्व्हलचा आवाज ऐकू आला. आपली एक बहीण तरुणपणी भटकली होती, तो म्हणाला, मंडळीनं दया करून तिला क्षमा करावी, असं मी सुचवतो.

लुडीननं हॉर्नवर हात ठेवला आणि तो उचललाच नाही. थडग्यांमधले कावळे उडाले. डेनी धावत आला, खिडकीशी वाकून हातवारे करून परत गेला. हॉर्न वाजतच राहिला. शेवटी ऑर्व्हल काठी टेकत, वही बगलेत धरून आला, तेव्हा तिनं हात काढला.

“क्षमा कुणी मागितली होती?”

“लुडीन, आत माणसं बसलीत. लाज आण जरा.”

“तेव्हाही माणसंच बसली होती. सगळ्यांचे हात वर. माझ्या आईचा पण.” ती म्हणाली. “शेवटची दोन वर्षं ती अंथरुणावर होती. त्या हाताची नखं मी कापलीत, ऑर्व्हल. त्याला साबण लावलाय. दर वेळी तो मला वर गेलेलाच दिसायचा.”

ऑर्व्हल काठी टेकून खिडकीशी वाकला.

“आर्टीचा? आर्टीनं हात वर केला नव्हता.”

लुडीननं नाही म्हणून मान हलवली.

“दोन्ही हात मांडीवर होते तिचे. पाकीट घट्ट धरून बसली होती. मी समोरूनच मोजत होतो ना.”

“तू वाचलंस, सगळे हात.”

“तशीच लिहायची रीत होती. एखादा हात कमी असला तरी एकमतानं लिहायचं, मंडळीत फूट दिसू नये म्हणून. लिहिलं होतं तेच वाचलं. मला वाटलं, घरी गेल्यावर तिनं सांगितलं असेल.”

आणि आईला वाटलं असेल, पोरीला कळलंय. किंवा वाटलं असेल, की नुसता हात खाली ठेवण्यात सांगण्यासारखं काय, उठून बोलायला हवं होतं. बावीस वर्षं एका चुलीपाशी दोन बायका, आणि मधे या माणसाच्या चांगल्या वळणदार अक्षरातला एक शब्द. लुडीननं गाडीचं दार उघडलं.

ती सरळ चर्चमध्ये शिरली. ऑर्व्हल मागून येईपर्यंत ती पुढच्या टेबलापाशी उभी होती. बाकांवर वीसेक माणसं होती, बरीचशी तिच्याहून तरुण.

“वही उघड,” ती म्हणाली. “एकमतानं खोड. सगळे हात, तेही खोड.”

ऑर्व्हलनं खोडलं.

“आता खाली लिही. आर्टी प्रूएट हिनं हात वर केला नाही. आणि लिही, की हे ठाऊक असून मी खोटं लिहिलं. ऑर्व्हल स्टॉलकप.”

त्यानं डेनीकडं पाहिलं. डेनी जमिनीकडं बघत होता. ऑर्व्हलनं लिहिलं. लुडीननं ते दोनदा वाचलं.

“आणि ताई, तुमचं नाव?” डेनी चाचरत म्हणाला. “आत्ताच मत घेऊ. कसली क्षमा नको, काही नको. काय म्हणता, मंडळी?”

बाकांवरून हात वर जायला लागले. एक, दोन, मग भराभर सगळे.

“खाली ठेवा ते,” लुडीन म्हणाली.

हात खाली गेले.

“ज्या मंडळीत माझी आई एकटी पडली, तिथं मला नाव नको.”

रविवारी यर्कीनं बस तिच्या अंगणात आणून लावली. चर्चच्या टेबलांवर तळलेली कोंबडी आणि पीचची पाई निवत पडली. यर्कीनं आदल्या रात्री फिडलला नव्या तारा चढवल्या होत्या. लुडीननं बोटांना चिकटपट्टीचे तीन वेढे घातले, आणि वाजवायला लागली. गळा फाटला होता, दुसऱ्या कडव्यात शब्द चुकला, पंजातून रक्त आलं. तुरेवाली माणसं पुतळ्यासारखी उभी होती. एकही जण नाचला नाही. गाणं संपलं.

“लुडीनबाई,” यर्की हळूच म्हणाला, “तबकडीपेक्षा खूपच जलद वाजवलंत.”

“तबकडीच्या वेळी,” लुडीन बोटांची पट्टी सोडत म्हणाली, “मला कुणाचा राग आलेला नव्हता.”