सेफ्टी शूजमधल्या मिरच्या

डोकं फिरलंय राव आज!

पप्पांचे कंपनीतले सेफ्टी शूज फाटले होते. मी त्यात माती भरून मिरच्या लावल्या. चहाचा चोथा हेच खत, तांदळाचं धुवण हेच पाणी. बूट दारात ठेवलेले, मिरच्या मस्त लगडलेल्या.

आज सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी दोन्ही बूट सरळ घंटागाडीत टाकले! म्हणे, "पॅसेजचा लुक जातो."

अरे, झाडं होती ना त्यात!

संध्याकाळी त्यांचीच बायको दारात. "बाळा, पोह्यांना चार मिरच्या दे ना, रोजच्यासारख्या."

म्हणलं, "काकू, मिरच्या काकांनी घंटागाडीत बसवून पाठवल्या."

काकू लाल झाल्या. "आता आमच्याच दारात लाव. बघते कोण उचलतं ते!"

भावांनो, कुणाकडे फाटके बूट आहेत का?