तळहातावरचा गोटा

चाळीस वर्षं मी पोरांना फिजिक्स शिकवलं. कुणी भुताखेताचं सांगू लागलं की पहिला हसणारा मीच. आजही भुतं मानत नाही... पण एक गोष्ट मात्र कुठल्याच फॉर्म्युल्यात बसली नाही.

पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे सावरगाव. मधोमध पळसाचं झाड रोवतात आणि त्यावरच्या झेंड्यासाठी दिवसभर एकमेकांवर दगड! माझा थोरला भाऊ माधवदादा, ड्रॉइंग मास्तर. त्याला हे कधीच पटलं नाही. स्वातंत्र्यानंतर गावात कॉलेज निघालं, तेव्हा आवारातल्या नदीकडच्या उतारावर त्यानं दगड-चुन्यात एक पुतळा रचला — तळहातावरचा गोटा जमिनीवर ठेवायला वाकलेला माणूस. तोंड सावरगावकडे. "इथून हलवला तर त्याले काही अर्थ नाही राह्यत," म्हणायचा. आणि दगड कुठले, तर गोटमारीनंतर नदीतून वेचलेले. प्रत्येकाच्या बुडाला त्यानं छिन्नीनं तीन रेघा मारल्या होत्या.

आई रोज भांडायची. "रक्ताचे गोटे हायेत ते, माधव. नदीचे नदीले राहू दे. हात दाखवून अवलक्षण कायले करून राह्यला?"

"आता आपलं राज हाय, आई. मारायचं कोणाले?"

मग छप्पन साल आलं. नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहणार, हे ठरलं. दादाला नागपूरला शिल्पकला शिकवायची नोकरी लागली होती. पोळ्यानंतर चार दिवसांनी निघायचं होतं. आयुष्यभर त्याला तेवढंच हवं होतं.

गोटमारीला तो दरवर्षी जखमींना पाणी पाजायला जायचा, तसा त्या वर्षीही गेला. सोबत मी. वाटेत कॉलेजात थांबून आम्ही पुतळा पाहिला. गोटा जागेवर होता, हे मी शपथेवर सांगतो.

भर दुपारी आम्ही गर्दीच्या पार मागे उभे होतो. दादा एकदम कॉलेजच्या बाजूला वळला. "कोण हाय रे?" म्हणाला. तिकडे कुणीच नव्हतं... आणि तिकडूनच गोटा आला. दादाचा उजवा डोळा गेला.

रागाच्या भरात परत भिरकावायला मी तो गोटा उचलला. बुडाला तीन रेघा होत्या.

दादाला दवाखान्यात पोचवून मी कॉलेजात धावलो. सुट्टी होती, फाटकाला कुलूप. चौकीदारानं उघडून दिलं. "भाऊ, तुम्ही गेल्यापासून इथं चिमणीबी फिरकली नाही," तो म्हणाला. पुतळा शाबूत होता, फक्त तळहात रिकामा. चुन्यात गोट्याचा ठसा जसाच्या तसा, कडेची एक कपचीसुद्धा उडालेली नाही. छिन्नी लावल्याशिवाय तो गोटा निघणं शक्यच नव्हतं.

त्याच जखमेपायी दुसरा डोळाही वर्षभरात गेला. नागपूर राहिलंच. दादानं पुन्हा छिन्नी धरली नाही. गोटा परत बसवायची माझी छाती झाली नाही; तो आजही माझ्या कपाटात आहे. आंधळा दादा मात्र दर पोळ्याला विचारायचा, "ठेवला का रे त्यानं गोटा खाली?"

"ठेवला, दादा."

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. नदीवर दगड अजून चालतातच. त्या दुपारी काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही. दादाशी मी दरवर्षी खोटं बोललो, एवढंच पक्कं ठाऊक आहे.