लान्सीने उठवलेली माणसं

लान्सी परेराला खोटं बोलता येत नसे आणि न पाहिलेलं चित्र मनाने काढताही येत नसे. एकाहत्तर साली तो वसईहून बहरीनला आला, मआमीरच्या बाजूला एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागला आणि टेबलाला जो चिकटला तो चिकटलाच. पाइप जिथे आहे तिथेच काढायचा, हे त्याचं काम. पण आम्ही वसईकर त्याला ओळखायचो ते एका पानामुळे.

आमच्या इथल्या वसईकर मंडळाचा 'खाडीपार' नावाचा अंक वर्षातून तीनदा निघायचा. मराठी टाइपरायटर इथे कुठून येणार? माझं अक्षर बरं, म्हणून सगळा मजकूर स्टेन्सिलवर मी हाताने कोरायची. मग शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, रत्नागिरीच्या रहिमतुल्लाभाईंच्या ऑफिसातल्या सायक्लोस्टाइल मशीनवर ऐंशी प्रती फिरवायच्या. शेवटचं पान लान्सीचं. त्यावर 'इनास, मेरी आणि पास्कू' ही त्याची चित्रकथा.

काय गुणी पोरं होती ती! पंधरा-सोळा वर्षांची, पण म्हाताऱ्यांच्या टोपल्या उचलायची, रोझरीला वेळेवर बसायची, भांडली तरी पुढच्याच चौकटीत सॉरी म्हणायची. बारा वर्षं हेच. मला तर त्या पास्कूला एकदा कानाखाली द्यावीशी वाटायची.

पंच्याऐंशी साली मंडळाचा अध्यक्ष रेमंड त्याला स्पष्टच म्हणाला, "लान्सी, पोरं तुझं पान उघडत नाहीत. नोव्हेंबरचं शेवटचं. पुढच्या अंकापासून तिथे रेसिपी टाकू."

लान्सीचा चेहरा पाहवेना. दिवसभर दुसऱ्यांचे पाइप काढणाऱ्या माणसाचं स्वतःचं म्हणावं असं ते एकच पान होतं. घरी तेरा वर्षांच्या पोरीला, सिसिलियाला विचारलं, तर तिला मराठी सगळं कळत असून ती इंग्रजीतच म्हणाली, "पप्पा, दे आर सो बोअरिंग!"

त्या वर्षी आमच्या झिंजमधल्या घराघरांत कबरीतून उठणाऱ्या मुडद्यांच्या व्हिडिओ कॅसेटी फिरत होत्या. पोरं उशीत तोंड खुपसून बघायची आणि पुन्हा मागायची. लान्सीनेही एक पाहिली. शुक्रवारी माझ्याकडे स्टेन्सिल घेऊन आला आणि म्हणाला, "टेरेसा, मी पोरांना झॉम्बी करतो."

मी हसून हसून बेजार झाले. इनास, मेरी आणि पास्कू शाळेतून घरी निघालेत, वाटेत सिमेट्रीतली माती हलते आणि मुडदे बाहेर येऊन पोरांना चावतात. चौथ्या चौकटीत पास्कू मेरीचा हात चावतो. बारा वर्षं टोपल्या उचलणारा तो पोरगा शेवटी टोपलीवालीच्याच मागे दात काढून धावतो! माझी मुराद पुरी झाली.

"क्रॉसवर नावं हवीत," लान्सी म्हणाला. "कोरे क्रॉस कुठे असतात?"

माझ्या टेबलावर बिस्किटांचा डबा होता. त्यात मंडळींनी दिलेल्या चिठ्ठ्या होत्या. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, गावाकडे आपण कबरीवर फुलं वाहतो, मेणबत्त्या लावतो. इथून कुठे जाणार? म्हणून प्रत्येक घर आपल्या मेलेल्यांची नावं चिठ्ठीवर लिहून देई आणि फादर ती चर्चमध्ये मिस्सेत वाचून दाखवत. यादी करायचं काम माझ्याकडे होतं. लान्सीने डबा ओढला, तो एकेकाचं नाव आणि गाव वाचत गेला आणि मी कोरत गेले. 'फरशू, नंदाखाल.' 'दुमिंग, गास.' शिवाय ही माणसं त्याने गावात पाहिलेली. त्यामुळे नावाखालून उठलेला मुडदाही हुबेहूब तोच निघाला. दोघांपैकी एकालाही काही खटकलं नाही. लान्सीचं सोडा, माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

दोन नोव्हेंबरची मिस्सा संपली. फादरनी नुकतीच नावं वाचली होती, बायकांचे डोळे अजून ओले होते, आणि मी चर्चच्या अंगणात अंक वाटले. पहिल्यांदा रेमंड ओरडला. त्याचे वडील, फरशूबाबा, एका हाताने दुसरा तुटलेला हात धरून नारळाच्या बागेतून धावत होते.

त्या गर्दीत सिसिलिया मात्र पान घेऊन बापाजवळ आली. "पप्पा, देन व्हॉट हॅपन्स?" बारा वर्षांत कोणी त्याला हे विचारलं नव्हतं, आणि बिचाऱ्याला उत्तर द्यायलाही कोणी उसंत देईना.

पुढच्या शुक्रवारी रेमंडच्या हॉलमध्ये मीटिंग बसली. रेमंडने ठराव आणला: लान्सीने माफी मागायची, पान खलास, आणि पुढे अंकात त्याची रेघही नको. लान्सी मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं. खरी नावं घातली की आपली सिमेट्री वाटेल, एवढंच मनात होतं." मीही उठून कबूल केलं की अक्षर माझं आहे. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांची नजर कॅथरीनवर होती.

कॅथरीन हॉस्पिटलात नर्स. दुमिंग तिचा नवरा. चार वर्षांपूर्वी तो गासला वारला तेव्हा हिला लीव्ह मिळेपर्यंत तिकडे माती झालेली होती. ती उठली, पर्समधून घडी केलेलं पान काढलं. आता ही लान्सीला उभा चिरणार, असं वाटून मी डोळे मिटले.

"लान्सी, ह्या चित्रात दुमिंग कुठे चाललाय?"

"कुठे... पोरांच्या मागे," लान्सी पुटपुटला.

"दुमिंग कशाला कोणाच्या पोरांच्या मागे लागेल? सिमेट्रीतून डावीकडे वळलं की आमचं घर. पुढच्या अंकात त्याला घरी पोचव. मी तेव्हा नव्हते. मला दारात काढ."

मला रडू आवरेना आणि मी आवरलंही नाही. रेमंड खाकरला. ठरावाचा कागद त्याने खिशात घातला आणि म्हणाला, "आणि आमच्या बाबांचा हात तेवढा जोडून दे रे."

नाताळच्या अंकासाठी लान्सी चार पानं मागायला लागला. सगळे मुडदे आपापल्या घरी निघाले होते आणि इनास, मेरी, पास्कू त्यांना वाट दाखवत होते, मधूनमधून चावतही होते, कारण सिसिलियाची तशी अटच होती. आता अडलं ते कॅथरीनपाशी. पाहिल्याशिवाय लान्सीला ती काढता येईना. म्हणून एका शुक्रवारी सकाळी ती माझ्या झिंजच्या फ्लॅटवर आली. युनिफॉर्ममध्ये नाही, लग्नातली लाल साडी नेसून. मी दार उघडं ठेवलं. उंबऱ्यावर, जिन्याकडे तोंड करून ती उभी राहिली आणि लान्सी बाहेर पायरीवर बसून काढू लागला.

अर्ध्या तासाने त्याने पेन्सिल खाली ठेवली. "झालं, कॅथरीनबाय. बसा आता."

मी चहा ओतला. कॅथरीन जागची हलली नाही. जिन्याकडे बघत म्हणाली, "थांब गं जरा. तो येऊ दे."