पाणी थिजेना
माझी वहिनी पाणी थिजवायची. फ्रीजमध्ये नव्हे, प्रयोगशाळेत. दादा तिला चिडवायचा, "लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून घरचं दही धड लागत नाही हिच्याकडून."

पण तिने हे सगळं मांडलं होतं ते माझ्या लेकीसाठी. आमच्या चिमणीची कातडी जन्मापासून कांद्याच्या पापुद्र्याइतकी नाजूक. जरा घासलं की फोड, फोड फुटला की उघडी जखम. कुठलीही पट्टी काढताना सोबत कातडी यायची. तिच्या किंकाळ्यांनी माझा जीव अर्धा व्हायचा. मी शिवणकाम करते, गिऱ्हाइकाचं माप घेता घेता रडले आहे मी.

वहिनीची रीत साधी होती. एक पांढरी पूड गरम पाण्यात विरघळवायची आणि गार होऊ द्यायची. पुडीचे रेणू आपले आपण एकमेकांना बिलगतात, त्यांचे धागे होतात, धाग्यांचं जाळं होतं आणि पाणी त्यात अडकून बसतं. लवचीक राहावं म्हणून ती त्यात पॉलिमरच्या लांबच लांब साखळ्या मिसळायची. शिवायला कोणी नाही आणि कापड तयार. इथे आम्ही मान मोडून टाके घालतो, मला तर रागच यायचा.

डॉक्टरांनी तपासून होकार दिला. तो मऊ थर जखमेवर बसायचा आणि न ओढता निसटून यायचा. चिमणी तो फक्त मामीच्या हातून लावून घ्यायची. आई असून मला जवळ फिरकू द्यायची नाही. वहिनी रोज कामावर जाण्याआधी आमच्याकडे यायची.

मग एकदा प्रयोगशाळेतल्या एका बाटलीत पाणी थिजलंच नाही. तळाशी सुयांसारखे खडे बसले. दुसऱ्या कोणी बाटली फेकून दिली असती. वहिनीला नसती चौकशी. हे काय झालं ते बघायला तिने खडे सुकवले आणि खलात घालून बारीक कुटले. रेणू तेच होते, पण त्यांना जाळ्यापेक्षा घट्ट बसायची जागा सापडली होती. कुटताना धूळ उडाली. पाकात साखरेचा एक दाणा पडला की सगळ्या पाकाची साखर होते, तसं झालं. धुळीचा कण गेला तिथे रेणू खडेच धरू लागले.

त्यानंतर तिथे एकही बाटली थिजली नाही. भिंती धुतल्या, भांडी बदलली, नवी पूड आणली. काही म्हणता काही नाही.

मला वाटलं, घरातला साठा तरी पुरेल. पण एका सकाळी बरणी उघडली तर आत पाणी सुटलेलं आणि खाली कचकच वाळू. दुसरी उघडली, तीही तशीच. वहिनी आपल्या नखांकडे बघत राहिली.

"रोज मीच उघडत होते गं," ती म्हणाली. "माझ्याच अंगावरून आलं हे."

मी तिला धीर द्यायला हवा होता. नाही दिला. माझी पोर पुन्हा किंचाळायला लागली होती, मला दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटी दूरच्या शहरातल्या तिच्या मैत्रिणीने तिथे ते थिजवून दाखवलं. पण अट घातली, वहिनीने तिकडे पाऊल टाकायचं नाही, पाठवलेल्या बरणीलाही हात लावायचा नाही. कणभर धूळ गेली की तीही जागा बाद.

बरणी आज आली. वहिनी जिन्यात खाली उभी राहून सांगत होती, मी उघड्या दारातून ऐकत होते. "कडेने सोडव. मीठपाणी घाल. ओढू नकोस."

मधल्या दिवसांत बांधलेली साधी पट्टी सुटेना. माझी बोटं सुईने खरबरीत झालेली, चिमणीला लागलंच. "मामी, तू ये ना," ती ओरडली. "आईला नको, तू ये."

वहिनी धावत वर आली, पार उंबऱ्यापर्यंत. तिचा हात पुढे झाला होता. तिचं तिलाच कळलं नव्हतं बहुतेक.

"वहिनी, मागे हो," मी म्हणाले.

तिने हात मागे घेतला. चिमणी तिच्याकडे बघत होती, आणि मी दार लावून घेतलं.