चाकांमागचा कोंडा

बाळा, तू पत्रात विचारलं आहेस की संगणकाच्या पडद्यावरचं विमान देखणं केलं की हवा अडते आणि हवा अडू नये म्हणून सगळं काढलं की ते विमान वाटत नाही, तर काय करू? हाच प्रश्न सत्तर सालाच्या आसपास कडाव गावी आमच्या घरात पडला होता. निकाल मी दिला होता.

तुझे आजोबा रसायनीच्या एका कारखान्यात आम्लाच्या टाक्यांवर होते. खोकत घरी येत. सुटीला बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन ते तरंगत जाणारी विमानं करत. मुंबईच्या एका शाळेत ही विमानं शिकवायला माणूस हवा होता. निवडीच्या दिवशी आपलं विमान मैदानात आखलेल्या चुन्याच्या रेषेपलीकडे उडवून दाखवायचं होतं. ती जागा मिळाली असती तर टाक्या सुटल्या असत्या.

त्यांच्या विमानाला ना चाकं, ना खिडक्या. ते गवतात पोटावरच उतरायचं.

"अहो, हे विमान आहे की सोललेली काकडी?" मी म्हटलं. "साहेब आधी डोळ्यांनी बघतात, उडवतात नंतर."

मी रिळांची चाकं करून बसवली आणि वर रुपेरी रंग दिला.

ते विमान घेऊन आम्ही भातगिरणीत गेलो. पंख्याचा वारा जिथून कोंडा बाहेर फेकतो, त्या तोंडासमोर त्यांनी ते दोऱ्याने टांगलं. गिरणीवाला हसला. "काय वं भाऊ, इमान कांडताय? तांदूळ नाय निघायचा यातनं!"

"अगं, बघ," हे म्हणाले, "पंखांवरून कोंडा सरळ जातोय. चाकांमागे कसा गरगरतोय! तेवढी हवा चाकं धरून ठेवतायत."

"मैदानात कोंडा नसेल. साहेबांना चाकंच दिसतील."

त्यांनी विमान दोऱ्यावरून सोडवलं. चाकं राहिली.

साहेबांनी विमान हातात घेऊन कौतुकाने फिरवलं, दुसऱ्यांना बोलावून दाखवलं. मी तिथेच उभी होते, खुशीत. मग ते उडालं, बरं चाललं आणि चुन्याच्या रेषेच्या अलीकडे नाक खाली घालून बसलं. एका किडकिडीत माणसाचं डागाळलेल्या कागदाचं, बिनचाकांचं विमान रेषा ओलांडून पार भिंतीपर्यंत गेलं. जागा त्याला मिळाली.

परतताना हे एवढंच म्हणाले, "चाकं छान दिसत होती हं." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढे अकरा वर्षं ते टाक्यांवरच होते, छातीने साथ सोडेपर्यंत. विमान कपाटावर होतं. त्याची धूळ ते स्वतः पुसत, पण चाकं त्यांनी कधी काढली नाहीत.

तुझ्या विमानाची चाकं तुला पडद्यावर एका बोटाने काढता येतात. काढून बघ.

ते गेल्यावर मी सुरीने चाकं सोडवली आणि विमान गिरणीत नेलं. गिरणीवाल्याने या वेळी थट्टा केली नाही. पंख्यावर पट्टा चढवला. पोटाखालून कोंडा सरळ निघून जात होता, कुठेही न थांबता. त्याचं भात संपेपर्यंत मी बघत उभी राहिले.