मोहाच्या हंगामातली हजेरी

चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, परकोटाला लागून बुरडांचा मोहल्ला होता आणि मोहल्ल्याच्या तोंडाशी आमची शाळा. शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी आणि वर कौलं. लोक तिला कमेटीची शाळा म्हणत, कारण नगरपालिकेला आमच्याकडे कमेटी म्हणायची पद्धत. तेव्हा आम्ही अजून मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूरला होती आणि मी वर्ध्याहून मास्तरकीचा दाखला घेऊन तिथे नुकतीच रुजू झाले होते. वय वीस आणि राग नाकाच्या शेंड्यावर. पाढा चुकला की मी खडू फेकायची. तो हमखास भिंतीला लागायचा, त्यामुळे मुलं मला भीत मात्र नसत.

आम्ही दोघंच शिकवणारे. पहिली-दुसरी हेडमास्तरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. हेडमास्तर निवृत्तीला टेकलेले, शांत, तपकीर ओढणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, ‘‘बाई, इथे शिकवणं हे निम्मं काम. निम्मं काम घरोघर जाऊन पोरं आणायचं. आणि आणलेली टिकवायची, ते त्याच्यावर.’’ म्हणजे दीडपट काम झालं, असं मी मनात म्हटलं होतं. पुढे कळलं की हिशोब बरोबर होता.

मोहल्ल्यातली सगळी माणसं अंगणात बसून कामं करायची. बांबू उभा चिरायचा, कामट्या काढायच्या, त्यांच्या टोपल्या, सुपं, ताटवे विणायचे. मी नावनोंदणीला गेले की चिरण्याचा आवाज थांबायचा नाही, बोलणं मात्र चालायचं. मुलग्यांना पाठवायला फारशी खळखळ नसे. मुलींचं नाव काढलं की सगळ्यांचे हात एकदम कामात गुंतायचे.

एका बाईशी तर माझं दरवर्षी भांडण. तिची मुलगी हुशार होती. किडकिडीत, हनुवटी वर करून चालणारी, बोटांना सदा कामटीचे चिरे. आई म्हणायची, ‘‘बाई, हे घरी राह्यली तं दिवसाचे दोन सुपं होते. शाळेत राह्यली तं का होते?’’ मी तावातावाने व्याख्यान द्यायची. ती ऐकून घ्यायची, कामटी सोलत राहायची आणि शेवटी म्हणायची, ‘‘बरं, एक साल पाहू.’’ असं एकेक साल पाहत पोरगी चौथीत आली होती. शाळा दारात आहे, अंगणातून हाक मारली तर पोरीला ऐकू येते, एवढ्याच एका गोष्टीवर त्या मुलींची शाळा चालली होती, हे मला ठाऊक होतं. शाळा दोन गल्ल्या पलीकडे असती, तर एकही आली नसती.

म्हणूनच माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी होळीच्या सुमारास कमेटीचा कागद आला तेव्हा मी तो उभ्याउभ्या दोनदा वाचला. शिक्षणखात्याचे डिप्टी साहेब तपासणीला येणार. चौथीच्या वर्गात त्या दिवशी किमान दहा मुलं हजर नसली, तर हा वर्ग बंद करून मुलांना वेशीपलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचं. माझ्या चौथीत पटावर अकरा नावं होती. त्यांतल्या पाच मुली. मुलगे वेशीपलीकडे गेले असते. मुली जाणार नव्हत्या.

अकरांतून दहा आणणं काही अवघड नव्हतं. पण तारीख पडली होती ऐन मोहाच्या हंगामात.

ज्यांनी आमचा मुलूख पाहिला नाही त्यांना हे सांगायला हवं. मोहाची फुलं पहाटेपासून टपटप गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं आणि हरणं खाऊन जातात. गावाबाहेर मूल गावाच्या वाटेवर जंगल लागे, तिथे मोहल्ल्यातल्या एकेका घराचं एकेक झाड ठरलेलं. हंगाम आला की घरातलं कोणी ना कोणी झाडाखाली पाल ठोकून राहायचं. खाली वाकून भराभर वेचायला लहान हात बरे, म्हणून मुलं जायची. वाळवलेली फुलं पावसाळ्यात पोटाला आधार व्हायची. त्यामुळे ‘मोह सोडा आणि शाळेत या’ असं म्हणणं म्हणजे ‘जेवण सोडा’ म्हणण्यासारखंच होतं. हे आज मला कळतं. तेव्हा मला फक्त राग येत होता.

तपासणीच्या चार दिवस आधी माझ्या चौथीत चार मुलगे उरले होते. बाकीची सातही नावं झाडांखाली. मी पदर खोचून मोहल्ल्यात गेले, चौकात उभी राहिले आणि जे कोणी घरी होते त्यांना गोळा करून सुनावलं. ‘‘त्या दिवशी साहेब एकेक नाव पुकारतील. प्रत्येक घरची हजेरी लागलीच पाहिजे. नाव पुकारलं आणि हजर म्हणायला कोणी नाही, असं झालं तर चौथी गेली. मग तुमच्या पोरी आहेत आणि तुमची सुपं आहेत.’’

लोक गंभीर झाले. एकमेकांकडे पाहू लागले. मोहल्ल्यातला सर्वांत म्हातारा बुरूड, ज्याचा नातू माझ्या वर्गात होता, काठी टेकत पुढे आला. ‘‘चिंता करू नोका बाई. एक बी नाव खाली जाऊ देनार नाई. आमचा शबुद हाय.’’

मी खूश होऊन परतले. हेडमास्तरांना ऐटीत सांगितलं, की शहाण्याला शब्दाचा मार. त्यांनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेली आणि म्हणाले, ‘‘बघू.’’

तपासणीच्या दिवशी मी पडवी सारवून घेतली, तिसरीला तिथे बसवलं, फळ्यावर सुविचार लिहिला. साहेब दहाला आले. काळा कोट, बंद छत्री, हातात डायरी. तोंडावर एक रेष हलत नव्हती. आधी त्यांनी पहिली-दुसरी पाहिली. तोवर माझा वर्ग भरून घ्यायला मी खोलीत गेले आणि दारातच थिजले.

माझे चार मुलगे पुढे बसले होते. त्यांच्या मागे, सतरंजीवर ओळीने मांडी घालून, तो म्हातारा बुरूड, एक लेकुरवाळी बाई कडेवर मूल घेऊन, एक नवीन लग्न झालेली पोर हिरव्या चुड्यासकट, एक मामा, दोन काकवा, आणि शेवटी दरवर्षी ‘एक साल पाहू’ म्हणणारी ती बाई. सगळ्यांनी अंघोळी केल्या होत्या. म्हाताऱ्याने तर डोक्याला तेलही लावलं होतं.

काही बोलायच्या आत साहेब माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. ते खुर्चीत बसले, हजेरीबुक उघडलं आणि नावं पुकारू लागले. नातवाचं नाव घेतलं, म्हातारा काठीवर उठून म्हणाला, ‘‘हाजीर जी!’’ पुढचं नाव, लेकुरवाळी उठली. पुढचं नाव, हिरवा चुडा वाजला. अकरा नावं, अकरा हाजीर. साहेबांनी हजेरीबुक मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात तसं झालं होतं.

‘‘हा काय तमाशा लावलाय?’’ मी ओरडले. साहेबांच्या देखत, म्हाताऱ्या माणसावर ओरडले, याची लाज मला अजून वाटते.

म्हातारा गोंधळला. दुखावला. ‘‘तमाशा काऊन जी? तुमीच त सांगतलं, दर घरची हजेरी लागली पायजे. पोट्टे झाडाखाली हायेत. त्याइच्या बदल्यात आमी आलो.’’

आणि मग मला उमगलं. या लोकांची जन्माची रीत होती ती. जंगलात बांबूतोडीला दर घरचा एक माणूस जायचा. कोणी आजारी पडला तर त्याच्या जागी भाऊबंदांपैकी कोणी उभा राहायचा, मुकादमाने नाव पुकारलं की त्याच्या नावावर हाजीर म्हणायचा आणि दिवसभर त्याचं काम ओढायचा. लग्नाचा मांडव घालताना तेच, मयताची लाकडं आणताना तेच. घराची जागा रिकामी राहू द्यायची नाही. त्यांनी मला फसवलं नव्हतं, साहेबांनाही नाही. शाळेवर वेळ आली आहे असं कळल्यावर सातही घरं आपापलं काम टाकून धावून आली होती, आणि नातवाच्या जागी बसलेला म्हातारा दिवसभर पाढे म्हणायला तयार होता.

मी हे साहेबांना कसंबसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘बदलीवर आलात तर काम करावं लागेल. वाचा पाहू कोणी.’’ आवाजात चेष्टा होती की काय, मला कळलं नाही. त्यांनी चौथीचं पुस्तक समोर धरलं. म्हातारा मागे सरला. काकवा पदरात हसल्या.

शेवटी बसलेली ती बाई उठली. पुढे आली, पुस्तक घेतलं, जमिनीवर ठेवलं, पुढ्यात उकिडवी बसली आणि बोट ठेवून वाचू लागली.

धडा मधमाश्यांचा होता. अडखळत, एकेक अक्षर उचलत, पण वाचत होती. पहिलं वाक्य संपलं आणि तिने मान वर करून, भुवया ताणून खणखणीत आवाजात विचारलं, ‘‘समजलं का?’’ आणि पुन्हा वाचू लागली. दुसरं वाक्य संपलं. ‘‘समजलं का? तिकडे काय बघता?’’ माझे चौघे मुलगे फिदीफिदी हसायला लागले. साहेबांनी आधी पुस्तकात पाहिलं, मग माझ्याकडे. धड्यात तसं काही छापलेलं नव्हतं. ते माझं होतं. आवाज माझा, भुवया माझ्या, तोरासुद्धा माझाच.

‘‘पाठ केलंय,’’ साहेब म्हणाले. त्यांनी डायरीतून एक छापील परिपत्रक काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिने ते उलट-सुलट करून पाहिलं. मग बोट ठेवलं. फार वेळ लागला. जोडाक्षर आलं की कपाळाला घाम फुटायचा. पण दोन ओळी तिने वाचल्या. त्यांचा अर्थ तिला कळला नाही, आणि खरं सांगायचं तर सरकारी परिपत्रकाचा अर्थ मलाही कळत नसे.

‘‘कुठे शिकलात?’’

‘‘घरीच जी. पोरगी शाळेतून आली का मी सुपं विनते अन् ते पुढी बसून शिकवते. लय कडक हाय. चुकलं तं कामटी फेकते.’’

पोरींच्या शाळेवरून जिच्याशी मी तीन वर्षं भांडले, तिने मला यातलं एक अक्षर कधी सांगितलं नव्हतं. मलाही तिला विचारायचं सुचलं नव्हतं. मी आपली व्याख्यानं देत होते.

साहेबांनी कागद परत घेतला, नीट घडी घातली. ‘‘बाई,’’ ते तिला जरा हळू आवाजात म्हणाले, ‘‘छान वाचलंत. पण पटावर नाव मुलीचं आहे. मला तुम्हाला मोजता येणार नाही.’’

‘‘मले नोका मोजू जी,’’ ती म्हणाली. ‘‘पन चवथी बंद झाली अन् पोरगी घरी बसली, तं मले पुढचं कोन शिकवन?’’

कडेवरचं मूल कुरकुरलं. साहेबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग म्हाताऱ्याला विचारलं, ‘‘मोह अजून किती दिवस पडेल?’’

‘‘पंधरा दिस तरी पडन जी.’’

त्यांनी शेरेबुकात लिहिलं, ‘चौथीची तपासणी अपूर्ण. पुन्हा येईन.’ सही केली आणि चहासुद्धा न घेता गेले. ते सांगितल्याप्रमाणे परत आले, तेव्हा अकराच्या अकरा मुलं बसली होती आणि चौथी राहिली. पुढल्या वर्षी हेडमास्तरांनी कमेटीकडून परवानगी काढून मोहाच्या दिवसांत शाळा दुपारची केली. अशी साधी गोष्ट आधी सुचायला आम्हाला इतकी वर्षं का लागली, कोण जाणे.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती पहिल्या तपासणीच्या दिवशीची दुपार. शाळा सुटल्यावर मला घरी बसवेना. मी मूलच्या वाटेने चालत निघाले, विचारत विचारत त्या वाचणाऱ्या बाईच्या झाडापाशी पोचले. पोरगी एकटीच होती. वेचलेली फुलं चटईवर पसरून हाताने हलवत होती. मला पाहून उभी राहिली. शाळा बुडवली म्हणून मी ओरडायला आले, असंच तिला वाटलं असणार.

‘‘तुझ्या आईने साहेबांपुढे वाचलं,’’ मी म्हटलं.

तिचे हात थांबले. ‘‘कोनता धडा?’’

‘‘मधमाश्यांचा. आणि एक सरकारी कागद. तो तिने आधी पाहिलेलाही नव्हता.’’

‘‘जोडाक्षरावर अडली?’’

‘‘अडली.’’

‘‘मंग? तुमी सांगतलं काय तिले?’’

‘‘नाही. कोणी नाही सांगितलं. तिचं तिने काढलं.’’

पोरगी खाली बसली. फुलांनी चिकट झालेले हात तसेच तोंडावर घेतले आणि हमसून रडायला लागली. मी आजवर शेकड्याने मुलं पास केली, त्यांच्या आयाबापांना निकाल सांगितले, पण असा निकाल एकदाच सांगितला. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. मी तिच्या शेजारी चटईच्या काठावर बसले. चौथीतल्या त्या पोरीसमोर मला आपण नवशिक्या आहोत असं वाटत होतं.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, हनुवटी वर केली आणि माझ्याच आवाजात म्हणाली, ‘‘तिले आजून गुनाकार येत नाई. एवढ्यात लाडावू नोका.’’