भरलेली सिरिंज

घाई हा माझा जुना रोग. गोंदिया जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात मी भूलतज्ज्ञ आहे आणि थिएटरमधले सगळे मला त्यावरून चिडवतात. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी सकाळची ऑपरेशनं उरकून मी जेवायला निघालो होतो. शेवटचं ऑपरेशन रद्द झाल्यामुळे ट्रेमध्ये प्रोपोफॉल या गुंगीच्या औषधाची एक सिरिंज भरलेली राहिली होती. ती टाकून द्यायचं जिवावर आलं. तेवढ्यात अतिदक्षता विभागातून फोन आला आणि मी ट्रे घेऊनच पळालो.

पलंगावर दवनीवाड्याची एक बाई होती, पस्तिशीची. तापाचं विष अंगभर भिनलेलं, रक्तदाब फार खाली, श्वास ओढून ओढून थकलेली. पायाच्या बोटांत धानाच्या बांधीतला चिखल अजून होता. घशात नळी घालून तिला मशीनवर घ्यायला हवं होतं आणि त्याआधी गुंगी द्यायला हवी होती. कोणत्या औषधाने, यावर बरंच काही ठरतं. प्रोपोफॉल रक्तदाब पाडतं. धडधाकट माणसाला ते सोसतं, अशा पेशंटला सोसत नाही. केटामीन त्या मानाने सांभाळून घेतं. हे मी इंटर्न पोरांना नेहमी शिकवतो.

केटामीन कुलपात होतं. किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे आणि सिस्टर पलीकडच्या इमारतीत. किल्ली दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची नाही, हा नियम माझाच. एकदा मोजणीत एक बाटली कमी भरली, तेव्हा मी सगळ्यांना फाडून खाल्लं होतं. ड्युटीवरची नर्स म्हणाली, "सर, पाच मिनिटं थांबा, मी पळत जाऊन सिस्टरना बोलावून आणते."

"कायले? हे भरलेलं आहे ना," मी म्हणालो.

पाच मिनिटं होती. सलाईन सोडून, मास्कने ऑक्सिजन देत थांबता आलं असतं. निदान डोस तरी अगदी कमी करायचा. पण थिएटरमध्ये रोज जेवढं देतो तेवढंच हाताने सवयीने ढकललं. नळी पहिल्याच प्रयत्नात गेली, त्याचा मला क्षणभर अभिमानही वाटला. मग नाडी लागेना. आम्ही छाती दाबत राहिलो. एकदा ठोके परत आले, पुन्हा गेले. चार वाजता मी थांबायला सांगितलं.

ती तशीही वाचली नसती, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. असेलही. पण मी माती खाल्ली होती, हे मला माहीत होतं आणि त्या नर्सलाही. ती ट्रे आवरत राहिली.

बाहेर बाईचा नवरा उभा होता. काय झालं ते मी त्याला सांगितलं, औषधाचं तेवढं सोडून. मग त्याने विचारलं,

"साहेब, धानाचा रोवना सुरू होता. दोन दिवस गावातच गोळ्या देऊन राहिलो. लवकर आनलो असतो तं वाचली असती का?"

"लवकर आणायला हवं होतं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं, म्हणूनच तोंडातून सहज निघालं. तो मान खाली घालून बाकावर बसला. आणि लिहायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं.

यंदाच्या रोवण्यात त्या बाईचा नवरा पुन्हा दिसला. शेजारणीला ताप आला म्हणून पहिल्याच दिवशी तिला घेऊन आला होता. सोबत शेजारणीचा नवरा होता, काम बुडून राहिलं म्हणून कुरकुरत. मी वऱ्हांड्यातून जात होतो. मला पाहून याने त्या शेजाऱ्याचा दंड धरला.

"उशीर नको करू बाबू. मी केलो. माह्या बायकोले मीच मारलो. इचार या साहेबाले."

दोघंही माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी मान हलवून हो म्हटलं आणि पुढच्या वॉर्डात गेलो.